करडा धूर

नोव्हेंबर सरत आला की आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्याचा धूर वर चढेनासा होतो. एरवी तो सकाळी इस्त्रीत कोळसे भरतो, पुठ्ठ्याने वारा घालतो आणि धूर कुठेतरी निघून जातो. थंडीत मात्र तो जमिनीलगत रेंगाळतो, पार्किंगमधल्या गाड्यांच्या मधून वाट काढत लिफ्टपाशी उभ्या असलेल्या माझ्यापर्यंत येतो. बायको म्हणते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. मी म्हणतो, काढतो. घोडबंदर रोडला राहायला आलो तेव्हापासून काढतोच आहे.

खरं तर हा तो वास नव्हेच. नाना असते तर म्हणाले असते, "हा लाकडी कोळसा. ह्याला काय वास असतो का?" दगडी कोळशाचा वास नाकात शिरत नाही, घशात उतरतो. पण आता तो मिळायचा कुठे? म्हणून मी ह्याच्यावर भागवतो. दोन मिनिटं लिफ्ट सोडून देतो आणि नव्वदीच्या सुरुवातीचा डोंबिवलीतला एक हिवाळा माझ्याभोवती जमा होतो. त्याच्याबरोबर शरमही येते. तिला दुसरं सोज्वळ नाव शोधून पाहिलं, सापडलं नाही.

नाना म्हणजे माझे वडील. कल्याणच्या लोको शेडला फायरमन होते. आधी आगवाला, मग दुसरा फायरमन, मग पहिला फायरमन, आणि तिथेच थांबले. पुढे ड्रायव्हर व्हायचं तर परीक्षा होती. नानांची शाळा इगतपुरीजवळच्या खेड्यात दुसरीत सुटलेली. सही करायचे, तीही जीभ दातात धरून. परीक्षेचा अर्ज दोनदा आणला आणि दोनदा आईने तो कपाटात अंथरलेल्या कागदाखाली घातला. वाफेची इंजिनं गेली तेव्हा त्यांना शेडमध्ये कसल्याशा कामावर ठेवलं, आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

तीस वर्षं फावडं मारल्याने त्यांचा उजवा खांदा उतरलेला होता. शिंप्याला तसं सांगावं लागे. इंजिन थांबलं की चाकाजवळचं लोखंड तापलंय का, ते फायरमन हाताच्या मागच्या बाजूने बघतात. तळवा कोळशाने राठ झालेला असतो, त्याला काही कळत नाही. नानांची ती सवय घरीही सुटली नाही. दूध निवलं का, मला ताप आहे का, भिंतीला ओल आली का, सगळं हाताच्या मागच्या बाजूने. माझ्या कपाळाला त्यांचा तळवा कधी लागलाच नसेल.

लहानपणी ते मला दिव्याला न्यायचे. दिवा-पनवेल लाईनवर तेव्हा वाफेची गाडी होती आणि नाना बहुतेक तिच्यावरच असत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्यांना तिथेच जायचं असे. खाडीच्या बाजूने वारा, मिठागरांवर बगळे, आणि आम्ही दोघे पुलाच्या कठड्याशी. गाडी लांब असतानाच ते सांगायचे, "धूर बघ. काळा आला म्हणजे फायरमन झोपलाय, कोळसा नुसता कोंबलाय. पांढरा आला म्हणजे भट्टी विझत आलीय. करडा पाहिजे. पातळ. आहे की नाही अशी शंका यायला पाहिजे." मग गाडी जवळ यायची. धूर काळा असला तर नाना मान फिरवायचे, ओळखीच्या बाईचा पदर ढळल्यासारखी. करडा असला तर रुमाल काढून हलवायचे. इंजिनातला माणूस कोण आहे ते मग बघायचे.

त्यांचा ड्रायव्हर डिसोझा. त्याला आमच्या घरात साहेब म्हणत. डिसोझाच्या गोष्टी नानांकडे पोत्याने होत्या: पावसात रूळ दिसत नसताना नुसत्या आवाजावरून त्याने गाडी कशी थांबवली, मुंब्र्याच्या बोगद्यात शिरताना तो न चुकता क्रूस कसा करायचा. ह्या गोष्टींत नाना स्वतः कुठेच नसायचे. मी विचारायचो, "तेव्हा तुम्ही काय करत होतात?" ते म्हणायचे, "मी? मी कोळसा टाकत होतो."

आणि एक रीत होती. ड्रायव्हरच्या जागेवर फायरमनने बसायचं नाही. ती कुठे लिहिलेली नव्हती; लिहिलेली असती तरी नानांना वाचता आली नसती. इंजिन रिकामं उभं असो, साहेब चहाला खाली उतरलेला असो, फायरमन टेकणार तो कोळशाच्या ढिगावर. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा नाना मला इंजिनात चढवून घेऊन गेले होते आणि मी खिडकीजवळच्या त्या लाकडी फळीवर उडी मारून बसलो. डिसोझा हसला. नानांनी मला दंडाला धरून उठवलं. त्यांनी मला मारल्याचं आठवत नाही, पण तो दंड अजून आठवतो.

डोंबिवलीची थंडी म्हणजे काय, तर पंखा पाचावरून दोनावर येतो. फडके रोडवर मटारचे ढीग लागतात, सकाळी सातला लोक एकमेकांना "काय गारठा आहे" असं मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि कल्याणच्या पुलावरून मलंगगड स्वच्छ दिसतो. त्या हिवाळ्यात मी अठ्ठावीसचा होतो, ठाण्यात एका सरकारी कचेरीत नवा नवा चिकटलेला, आणि दर रविवारी कुठे ना कुठे वाफेचं इंजिन बघायला जात होतो. लेले नावाचे एक गृहस्थ होते नौपाड्यात, बँकेत अधिकारी. आगगाड्यांचा त्यांना भारी नाद. त्यांनी सात-आठ जणांची टोळी जमवली होती. आम्ही नेरळला जाऊन माथेरानच्या छोट्या इंजिनापुढे उभे राहिलो, लेल्यांनी त्याची पितळी पाटी स्वतःच्या रुमालाने पुसली. कल्याणात राख टाकायचे जुने खड्डे बघितले. दिव्याला पाण्याचा एक गंजलेला नळ उभा होता, इंजिनाला पाणी पाजायचा, त्याच्याखाली थालीपिठं खाल्ली. सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. चाकं किती, कुठल्या साली बांधलं, कुठल्या देशातून आलं, सगळं वहीत. त्यांच्यातल्या एकालाही साधी शेगडी पेटवता आली नसती. पण माणसं चांगली होती. माझ्यापेक्षा नक्कीच चांगली.

लेल्यांच्या दिवाणखान्यात पहिल्या दिवशी चहा झाला. भिंतीवर तानपुरा, कपाटात काचेआड पुस्तकं. लेल्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला हा नाद कसा लागला?"

"वडील रेल्वेत होते."

"अरे वा! कशात?"

"ड्रायव्हर," मी म्हणालो. आणि ते पुरेसं वाटलं नाही म्हणून जोडलं, "मेलचे."

बस, एवढंच. कुणी मला भरीस घातलं नव्हतं. फायरमन म्हटलं असतं तर लेले खुर्चीतून उठून मला मिठी मारतील असे होते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला दिसत होतं फक्त ते काचेचं कपाट आणि त्यात आईने कागदाखाली घातलेले दोन अर्ज. पुढचे तीन महिने मी डिसोझाच्या गोष्टी नानांच्या नावाने सांगितल्या. पावसातली गाडी नानांनी थांबवली. बोगद्यात शिरताना क्रूस करायचं तेवढं वगळलं. लोक ऐकत राहायचे आणि मी रंगात यायचो. खोटं बोलायला मला जड गेलं असं म्हणायची आज फार इच्छा होते. तसं काही झालं नव्हतं.

जानेवारीत लेले बातमी घेऊन आले. उल्हास नदीच्या पलीकडे एका कारखान्याच्या सायडिंगवर एक जुनं शंटिंगचं इंजिन होतं, मोठ्या रुळांचं. ते विकलं जाणार होतं. त्याआधी एक रविवार कारखाना ते आमच्यासाठी पेटवणार होता. "शेवटची वाफ," लेले म्हणाले आणि त्यांचे डोळे ओले झाले. "तुमच्या वडिलांना आणायचंच. मेलचा ड्रायव्हर आपल्याबरोबर असणार!"

मी घरी येऊन नानांना फक्त पहिला भाग सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नाना गॅलरीत उभे राहून केरसुणीने हवेत फावडं मारतायत. पाय रोवून, कमरेतून वळून, डावीकडे, उजवीकडे, मागच्या कोपऱ्यात. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होती. "वेड लागलंय ह्यांना," ती म्हणाली. "मला म्हणाले, एक फावडं तरी मारू देतील गं."

शनिवारी त्यांनी ट्रंकेतून लाल रुमाल काढला, डोक्याला बांधायचा. आईने तो धुऊन, घडी करून त्यांच्या खिशात ठेवला.

कल्याणहून आम्ही रिक्षाने गेलो. सायडिंगच्या फाटकातून आत शिरताना नाना थांबले आणि नाक वर केलं. "काळा टाकतोय," ते म्हणाले. समोर इंजिन उभं होतं आणि चिमणीतून डांबरासारखा धूर निघत होता. कारखान्यातला बॉयलरवाला फावड्याने कोळसा नुसता आत लोटत होता. आमची मंडळी तो काळा धूर बघून टाळ्या वाजवत होती, कारण फोटोत तोच खुलून दिसतो. नाना डोक्याला रुमाल बांधत पुढे निघाले. तेवढ्यात लेले हात जोडून समोर आले.

"या, या, ड्रायव्हरसाहेब! तुमच्या गोष्टी ऐकून कान किटले नाहीत अजून. ती पावसातली तर काय सांगावी!"

नाना थांबले. माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. त्यांनी नुसतं बघितलं, अर्ज कपाटात गेल्यावर आईकडे बघत असतील तसं. मग डोक्याचा रुमाल सोडला, घडी केली, खिशात ठेवला आणि लेल्यांना म्हणाले, "नमस्कार."

ह्यानंतर जे झालं ते अगदी थोडं आहे, पण मी ते रोज लांबवतो. बॉयलरवाल्याची वाफ चढेना. काटा अर्ध्यावर अडकला. तो घामाघूम होऊन खाली उतरला आणि म्हणाला, "साहेब, हमको इंजिन का आदत नहीं है." लेल्यांनी कपाळाला हात लावला. "काय दैव बघा! मेलचा ड्रायव्हर मिळाला, आणि एक जुना फायरमन मिळू नये आपल्याला!"

नाना माझ्या शेजारीच होते, हातभर अंतरावर. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी ते वाट बघत होते, आणि कशाची ते मला अगदी स्पष्ट कळत होतं. त्यांना स्वतः बोलता येत नव्हतं. बोलले असते तर मुलगा आठ लोकांत खोटा पडला असता. मी बोललो असतो तर काय झालं असतं? मी थोडा लाल झालो असतो, लोक हसले असते आणि दोन मिनिटांत नानांच्या हातात फावडं आलं असतं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. ती सुटलेली नव्हती.

"राख काढायला सांगा त्याला खालची," नाना लेल्यांना म्हणाले. "आणि थोडा थोडा टाक म्हणावं. कोपऱ्यात." एवढं बोलून त्यांनी हात मागे बांधून घेतले. तासाभराने वाफ चढली. शिट्टी झाली. माणसं नाचली.

मग फोटो. लेल्यांना मेलच्या ड्रायव्हरचा फोटो ड्रायव्हरच्या खिडकीत हवा होता. नाना वर चढले. उभे राहिले तर छताची सावली तोंडावर येत होती, म्हणून सगळे खालून ओरडू लागले, "काका, बसा! सीटवर बसा, म्हणजे चेहरा उजेडात येतो." नाना खाली झाले आणि त्यांचा चेहरा खिडकीत बरोबर आला. मग एकेकाने कॅमेरे सरसावले. कुणाचं रीळ संपलं, कुणाला उन्हाचा कोन आवडेना. वीस-पंचवीस मिनिटं चाललं असेल. कॅमेरा नसलेला मी एकटाच, म्हणून मी सूचना देत होतो. उत्साहाने देत होतो. माझं खोटं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जरा जास्तच.

परतताना नाना रिक्षात शिरताना दांड्याला धरून शिरले. वाटेत एकच वाक्य बोलले, "भट्टी घाण पेटवली होती."

घरी आईने दार उघडताच विचारलं, "काय हो? मारलंत का फावडं?"

"जागा नव्हती गं," नाना म्हणाले. "माणसं लई होती."

मी बूट काढत होतो. त्यांनी मला वाचवलं, माझ्या समोर, माझ्याच आईपासून. संध्याकाळी आई त्यांच्या गुडघ्यांना कोमट तेल चोळत होती आणि ते दात आवळून बसले होते. मी पेपरामागून म्हणालो, "ह्या वयात चढउतार करायची नाही." हे वाक्य मी बोललो, मला आठवतंय. पेपर कुठला होता तेसुद्धा आठवतंय.

लेल्यांनी मार्चमध्ये ठाण्यात छोटं प्रदर्शन भरवलं. त्यात तो फोटो होता, खाली मेलचे ड्रायव्हर म्हणून नानांचं नाव. मी नानांना चला म्हटलं नाही आणि त्यांनी कधी प्रदर्शनाचं विचारलं नाही. त्यानंतर इंजिनाच्या गोष्टीही हळूहळू थांबल्या. रागावले नव्हते. माझ्या मुलीला ताप आला की हाताच्या मागच्या बाजूने बघायचे. पण दिव्याला चला म्हटलं की गुडघा दाखवायचे. दर हिवाळ्यात मी ठरवायचो, आता बोलायचं. दिवाळी झाली की बोलू, संक्रांत झाली की बोलू. माणसाला आपले वडील कायमचे आहेत असं का वाटतं कोण जाणे. नाना एका फेब्रुवारीत गेले, झोपेत, फारसा त्रास न देता. त्यांच्या ट्रंकेत तो लाल रुमाल होता, आईने केलेल्या त्याच घडीत.

आमच्या टोळीत शुभदा नावाची एक मुलगी होती, डोंबिवलीच्याच एका कॉलेजात शिकवायची. तिला माणसांच्या रांगेत उभं राहून फोटो काढायचा कंटाळा. नाना गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी ती मला रामनगरच्या बाजारात भेटली, आणि नानांचं कळल्यावर म्हणाली, "अरे, माझ्याकडे त्यांचा एक आहे. आतून काढलेला. मी तेव्हा मागच्या बाजूने इंजिनात चढले होते. देईन तुला." आठवड्याने तिने पाकीट आणून दिलं. देताना म्हणाली, "तेव्हा मला काही कळलंच नाही बघ. मी त्यांना म्हटलं, काका, नीट टेका ना. तर म्हणाले, मी बसत नसतो तिथं. मला वाटलं, काही नवस वगैरे असेल."

फोटो काळा-पांढरा आहे. डावीकडे भट्टीचं दार अर्धं उघडं, त्यातून आलेला उजेड. उजवीकडे ड्रायव्हरची खिडकी, खिडकीत नानांचा चेहरा बाहेर वळलेला, प्रदर्शनात होता तसाच. पण हा आतून काढलेला असल्याने ह्यात पूर्ण नाना दिसतात. एक हात खिडकीच्या चौकटीला घट्ट. गुडघे वाकलेले. पोटऱ्यांवरची पँट ताणलेली. आणि त्यांच्या खाली ती लाकडी फळी, अख्खी रिकामी. फळी आणि नाना ह्यांच्यात वीतभर अंतर आहे.

मी वीत लावून पाहिली नाही, पण तेवढं असेल. त्या अंतरात त्यांनी माझी लाजही राखली आणि डिसोझाची जागाही. त्रेसष्ट वर्षांचे गुडघे, वीस-पंचवीस मिनिटं. त्यांना फक्त एक फावडं मारायचं होतं.

फोटो मी कपाटात ठेवला आहे, कागदाखाली. बायकोला दाखवला नाही. थंडी पडली, इस्त्रीवाल्याचा धूर खाली उतरला की कधी कधी काढतो. खिडकीच्या चौकटीतून बाहेरची माणसं दिसतात, लहान लहान, कॅमेरे डोळ्यांना लावलेली. त्यांच्या पुढे एक जण रिकाम्या हातांनी उभा आहे, हात वर केलेला, तोंड उघडं. तो काय ओरडतोय ते फोटोत ऐकू येत नाही. मला येतं.

"नाना, हलू नका हं. अजून एकच."